प्राणवायूच्या परतीची पूर्वतयारी

कोकण किनाऱ्यावरील पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांना प्राणवायू वर्षभर सारखा मिळत नाही. त्याची आवक भरती-ओहोटीने, दिवस-रात्रीने आणि सर्वांत जास्त नैर्ऋत्य मोसमी पावसाने बांधलेली असते. मालवण तालुक्यातील धामापूर हे गाव या बाबतीत विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण गोड्या पाण्याचा जुना तलाव, पावसानंतर कोरडी पडणारी भातखाचरे, कर्ली खाडीचा खारफुटीचा चिखल आणि अरबी समुद्राचा उथळ पट्टा ही चारही ठिकाणे तेथून एका दिवसात पायाखाली घालता येतात, आणि चारही ठिकाणी प्राणवायू कमी पडण्याची कारणे व वेळा वेगवेगळ्या आहेत. विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी 1530 मध्ये दोन डोंगरांमधील जागेवर मातीचा बांध घालून हा तलाव बांधला असे सांगितले जाते. काठावर भगवती देवीचे मंदिर आहे, आणि आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने 2020 मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत स्थान दिले. या मानाचे कारण सिंचन हे आहे आणि ते योग्यच आहे. परंतु जवळजवळ पाच शतके टिकून राहिलेला असा जलाशय मासे, खेकडे, बेडूक आणि गोगलगायी यांच्या दृष्टीने पाहिला, तर त्याच्या इतिहासात प्राणवायूच्या इतिहासाचेही एक प्रकरण दडलेले आहे, आणि ते प्रकरण वाचण्याची विद्या माणसाला अगदी अलीकडे, साधारणतः 1990 नंतर, साध्य झाली.

ही विद्या उशिरा आली, याचे कारण तिचे दोन धागे दोन वेगळ्या शास्त्रांच्या हाती होते. पाण्यात प्राणवायू किती आहे हे समुद्रशास्त्रज्ञ मोजत होते. प्राणवायू शरीराला कसा जाळतो हे जीवरसायनशास्त्रज्ञ शोधत होते. प्राणवायूची टंचाई आणि प्राणवायूचे विष या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत असा दोघांचाही समज होता. त्या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, आणि टंचाई सोसणाऱ्या प्राण्याला खरा धोका टंचाई संपताना असतो, हे कळायला दोनशे वर्षांचा प्रवास करावा लागला.

प्राणवायूच्या विषारीपणाची शंका मात्र त्याच्या शोधाइतकीच जुनी आहे. जोसेफ प्रीस्टली याने 1774 मध्ये हा वायू वेगळा केला, आणि लगेच पुढच्या लेखनात अशी भीती बोलून दाखवली की, शुद्ध प्राणवायूत मेणबत्ती जशी झपाट्याने संपते तसे निरोगी माणसाचे आयुष्यही त्यात लवकर संपेल. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वायुदाबावरील ग्रंथात दाबाखालील प्राणवायूने प्राण्यांना झटके येतात हे दाखवून दिले, आणि 1899 मध्ये जेम्स लोरेन स्मिथ यांनी जास्त प्राणवायूमुळे फुप्फुसांना होणारी इजा नोंदवली. तरीही विष नेमके कशात आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या एका वेगळ्याच कोपऱ्यात तयार होत होते. लुई जाक तेनार याने 1818 मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केले आणि प्राण्यांच्या काही ऊतींच्या स्पर्शाने ते फसफसून फुटते हे पाहिले. ही क्रिया घडवणाऱ्या विकराला, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, ऑस्कर लोव्ह यांनी 1901 मध्ये कॅटालेज हे नाव दिले. दरम्यान 1894 मध्ये केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी लोखंडाच्या क्षारांच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइड फार आक्रमक बनते हे दाखवले होते. या तिन्ही निरीक्षणांचा परस्परांशी संबंध आहे, हे त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

तो संबंध जोडण्याचे श्रेय प्रामुख्याने रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनी संशोधिकेला द्यावे लागते, आणि तिचे नाव ज्या प्रमाणात विसरले गेले आहे ते पाहता हे श्रेय जरा आग्रहाने द्यावे लागते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात काम करत असताना तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये असे मांडले की, क्ष-किरणांनी होणारी इजा आणि प्राणवायूने होणारी इजा यांची यंत्रणा एकच आहे, आणि ती म्हणजे मुक्त मूलके, म्हणजेच ज्यांच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिला आहे असे अस्थिर रेणू. श्वसनात प्राणवायूच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळून पाणी तयार व्हावयाचे असते; परंतु वाटेत एकच इलेक्ट्रॉन मिळाला तर सुपरऑक्साइड, दोन मिळाले तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तीन मिळाले तर हायड्रॉक्सिल मूलक तयार होते, आणि शेवटचे हे मूलक पेशीतील मेद, प्रथिने किंवा डीएनए यांपैकी जे जवळ असेल त्यावर तुटून पडते. अशा अर्धवट क्षपित रेणूंची निर्मिती त्यांना निकामी करण्याच्या शक्तीपेक्षा जास्त झाली, की जी अवस्था येते तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

मग 1969 हे वर्ष आले. ड्यूक विद्यापीठातील जो मॅककॉर्ड हा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक अर्विन फ्रिडोविच यांनी गाईच्या रक्तातून असे प्रथिन वेगळे केले की जे सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्राणवायू यांत रूपांतर करते. हे प्रथिन नवे नव्हते. 1938 पासून ते तांबे बाळगणारे निळसर प्रथिन म्हणून ओळखले जात होते आणि त्याचे काम काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याला आता सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे नाव मिळाले. ज्या अर्थी शरीर सुपरऑक्साइड मोडण्यासाठी खास विकर बाळगते, त्या अर्थी सुपरऑक्साइड शरीरात रोज तयार होत असले पाहिजे, हा तर्क सरळ होता. पुढे संरक्षणाची साखळी स्पष्ट झाली: सुपरऑक्साइड डिसम्युटेज पहिला घाव झेलते, तयार झालेले पेरॉक्साइड कॅटालेज आणि 1957 मध्ये गॉर्डन मिल्स यांना तांबड्या रक्तपेशींत सापडलेले ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मिळून फोडतात, आणि या दुसऱ्या विकराला लागणारे ग्लुटाथायोन हे तीन अमिनो आम्लांचे छोटेसे संयुग पेशी पुन्हा पुन्हा ताजे करून घेते. यांनाच एकत्रितपणे अँटिऑक्सिडंट संरक्षण म्हणतात. औषधाच्या दुकानातील गोळ्यांवरचा तोच शब्द या यंत्रणेच्या फार छोट्या भागाचे वर्णन करतो.

येथपर्यंतची सर्व कथा प्राणवायूच्या अतिरेकाची होती. टंचाईचा प्रवेश झाला तो रुग्णालयाच्या दारातून. रक्तपुरवठा थांबलेल्या अवयवाला तो पुन्हा सुरू केल्यावर अधिक इजा होते असे शल्यचिकित्सकांना दिसत होते, आणि 1981 मध्ये ग्रेंजर, रुतिली आणि मॅककॉर्ड यांनी मांजराच्या आतड्यावर प्रयोग करून या इजेत सुपरऑक्साइडचा हात आहे हे दाखवले. त्यांनी सुचवलेली यंत्रणा अशी: प्राणवायू नसताना पेशीचे ऊर्जाचलन असलेले एटीपी मोडत जाऊन हायपोझँथिन साचते, आणि रक्त परतताच झँथिन ऑक्सिडेज हे विकर ते साचलेले हायपोझँथिन आणि नव्याने आलेला प्राणवायू घेऊन एका झपाट्यात सुपरऑक्साइड तयार करते. मॅककॉर्ड यांचा 1985 चा आढावा प्रसिद्ध झाल्यावर हृदयविकाराच्या रुग्णांना सुपरऑक्साइड डिसम्युटेज टोचावे अशी आशा निर्माण झाली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत मात्र त्याचा लाभ दिसला नाही. बाहेरून रक्तात सोडलेले मोठे प्रथिन पेशीच्या आत वेळेवर पोहोचत नाही, ही अडचण त्यामागे सांगितली जाते. ज्या प्राण्यांना प्राणवायूची टंचाई हा आजार नसून ऋतुमान आहे, ते ही अडचण कशी सोडवतात हा प्रश्न मात्र वैद्यकाने विचारलाच नाही. तो विचारला कॅनडातील एका सापाने, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मॅनिटोबा प्रांतातील तांबड्या पट्ट्यांचा गार्टर साप शरद ऋतूतील रात्री काही तास गोठूनही जिवंत राहतो. गोठलेल्या शरीरात रक्त वाहत नाही, म्हणजे अवयवांना प्राणवायू मिळत नाही. बर्फ वितळला की तो एकदम परततो. ओटावातील कार्लटन विद्यापीठात गोठण-सहनशील बेडकांवरील संशोधनाने ख्याती मिळवलेले केनेथ स्टोरी यांच्या प्रयोगशाळेत ब्राझीलचे मार्सेलो हेर्मेस-लिमा काम करत होते, आणि दोघांनी 1993 मध्ये या सापावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. उणे अडीच अंश सेल्सियसला पाच तास गोठवलेल्या सापांच्या स्नायूंत कॅटालेजची क्रियाशीलता दुपटीहून बरीच वाढली होती. प्राणवायूविना पाच अंशांवर दहा तास ठेवलेल्या सापांच्या स्नायूंत व यकृतात सुपरऑक्साइड डिसम्युटेज वाढले होते.

हा निष्कर्ष उलटा होता. प्राणवायू नसेल तर सुपरऑक्साइडही कमी तयार होणार, आणि उपाशी पेशीने अनावश्यक प्रथिने बनवण्याचा खर्च टाळावा, हे साध्या हिशेबाने अपेक्षित होते. साप मात्र ऊर्जेची चणचण असताना संरक्षणावर खर्च करत होता. दोघांनी याचा अर्थ असा लावला की हे संरक्षण सध्याच्या संकटासाठी नाही, येणाऱ्या संकटासाठी आहे: मृगाआधी घर शाकारून ठेवावे तशी ही तजवीज प्राणवायू परतण्याआधी होते. पुढे ओटाला लॅक्टिया या ग्रीष्मनिद्रा घेणाऱ्या गोगलगायीत (1995) आणि अमेरिकेच्या बिबट्या बेडकात (1996) तोच प्रकार दिसला, आणि 1998 मध्ये हेर्मेस-लिमा, केनेथ स्टोरी आणि जॅनेट स्टोरी यांनी गोगलगायींच्या आधारे या कल्पनेला ‘ऑक्सिडीकरणाच्या ताणाची पूर्वतयारी’ असे नाव देऊन ती गृहीतक म्हणून मांडली. युक्रेनच्या वोलोदिमिर लुश्चाक यांनी हेर्मेस-लिमा यांच्या सहकार्याने 2001 मध्ये सोनमाशावर केलेल्या प्रयोगांतही प्राणवायूविना घालवलेल्या तासांत संरक्षण वाढल्याचे आढळले.

गोगलगायीचा उल्लेख येथे सहज सोडून देण्याजोगा नाही, कारण भातखाचरातील मोठ्या गोड्या पाण्याच्या गोगलगायीवर, म्हणजे पायला या प्रजातीवर, भारतात बरेच आधी काम झाले होते. या गोगलगायीला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतात. खाचर आटले की ती चिखलात शिरून कवचाचे झाकण घट्ट लावते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत महिनोन्‌महिने पडून राहते. व्ही. आर. मीनाक्षी यांनी 1964 मध्ये तिच्या ग्रीष्मनिद्रेवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैसर्गिक आणि प्रायोगिक परिस्थितीतील तिचे अनुकूलन तपासले होते. तेव्हा फ्रिडोविच यांचे विकर सापडायला पाच वर्षे अवकाश होता, त्यामुळे प्रश्न ‘ती प्राणवायूविना कशी जगते’ हाच राहिला, ‘पहिल्या पावसात जागी होताना ती कशी वाचते’ हा पुढे आला नाही. तो पुढे आला तो या गोगलगायीच्या दक्षिण अमेरिकी नातलगावर, पोमासिया कॅनालिक्युलाटावर, अर्जेंटिनातील मेंदोझा येथे काम करणाऱ्या गटाकडून. माक्सिमिलियानो जिरो-बियू आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये असे दाखवले की ग्रीष्मनिद्रेत ऊतींमध्ये साठलेले यूरिक आम्ल जागे होताना घटते, म्हणजे ज्याला माणूस गाऊटच्या दुखण्यामुळे शत्रू समजतो तो पदार्थ येथे अँटिऑक्सिडंट म्हणून खर्ची पडत असावा. संरक्षण नेहमी विकरांच्याच रूपात येते असे नाही, हे या गोगलगायीमुळे ठसले.

तरी एक मूलभूत कोडे राहिलेच होते. पेशीला प्राणवायू परतणार हे आधी कळते कसे? प्राण्याला भविष्य दिसते असे म्हणणे शास्त्राला परवडणारे नव्हते. उत्तराची एक बाजू 1998 मध्ये नवदीप चंदेल आणि पॉल शूमॅकर यांच्या गटाच्या कामातून पुढे आली: प्राणवायू घटला की तंतुकणिकांमधील, म्हणजे पेशीतील श्वसनकेंद्रांमधील, इलेक्ट्रॉनांची साखळी तुंबते आणि तिच्या तिसऱ्या टप्प्यावरून इलेक्ट्रॉन गळून सुपरऑक्साइड थोडे वाढते. म्हणजे प्राणवायू कमी असतानाही विष अजिबात नसते असे नाही. ते थोड्या मात्रेत असते, आणि ही थोडी मात्राच इशारा ठरते. इशारा वाचणारी यंत्रणा त्याच सुमारास सापडली. जपानमध्ये मासायुकी यामामोतो यांच्या गटाने 1997 मध्ये एनआरएफ-टू या जनुकनियामक प्रथिनाचे कार्य आणि 1999 मध्ये त्याला अडवून ठेवणारे कीप-वन हे प्रथिन दाखवले. कीप-वनवरील गंधकयुक्त टोके ऑक्सिडीकरणाने बदलली की पकड सुटते, एनआरएफ-टू केंद्रकात जाते आणि संरक्षणाच्या विकरांची जनुके चालू होतात. प्राणवायूची घट ओळखणाऱ्या एचआयएफ या दुसऱ्या नियामकाच्या शोधासाठी ग्रेग सेमेन्झा, विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वतयारी हा शब्द त्यामुळे जपून वापरावा लागतो: पेशी भविष्याचा वेध घेत नाही, ती वर्तमानातल्या किरकोळ इजेला उत्तर देते, आणि ते उत्तर परतीच्या वेळी तिच्या उपयोगी पडते.

या गृहीतकाला अपवादही आहेत, आणि ते झाकले तर इतिहास एकतर्फी होईल. विल्मोर आणि स्टोरी यांनी 1997 मध्ये लाल कानाच्या कासवावर काम केले तेव्हा प्राणवायूविना काळात अनेक विकरे वाढण्याऐवजी काही ऊतींत घटलेली दिसली. या कासवाचे संरक्षण एरवीच इतके भक्कम असते की त्याला आयत्या वेळी वाढवण्याची गरज भासत नाही असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे हेर्मेस-लिमा यांच्या गटाने अनेक संघांतील प्राण्यांचे प्रयोग एकत्र करून पूर्वतयारी दाखवणारे, तटस्थ आणि उलट वागणारे अशी वर्गवारी केली, तेव्हा मृदुकाय, संधिपाद आणि पृष्ठवंशी प्राण्यांत पूर्वतयारी सर्वदूर आढळली, पण सर्वांत आढळली नाही. प्रयोगशाळेतील काचेच्या टाकीबाहेर ती घडते का, या आक्षेपाला 2020 मध्ये ब्राझीलच्या काटिंगा या कोरड्या प्रदेशातील एका बेडकाने उत्तर दिले; प्रोसेराटोफ्रिस क्रिस्टिसेप्स हा बेडूक कोरड्या ऋतूत वाळूत पुरून घेतलेला असताना त्याच्या स्नायूंत चयापचय मंद आणि अँटिऑक्सिडंट संरक्षण वाढलेले आढळले. आठ महिने कोरडे आणि चार महिने चिंब असणाऱ्या कोकणात हा निष्कर्ष दूरदेशीचा वाटण्याचे कारण नाही.

आता समुद्राकडे वळावे लागते, कारण धामापूरपासून फारशा अंतरावर नसलेल्या अरबी समुद्रात याच काळात दुसरा इतिहास घडत होता. अरबी समुद्राच्या मध्यम खोलीत, साधारणतः दीडशे ते हजार मीटरच्या दरम्यान, प्राणवायू जवळजवळ नसल्यासारखा पाण्याचा जाड थर आहे. वरच्या प्रकाशमान पाण्यात वाढलेले सूक्ष्मजीव मरून खाली पडतात, ते कुजताना प्राणवायू खर्च होतो, आणि उत्तरेकडून आशिया खंडाने बंद केलेल्या या समुद्रात ताजे पाणी सावकाश येते. इजिप्तच्या ‘माबाहिस’ जहाजावरून 1933-34 मध्ये सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या जॉन मरे मोहिमेला या समुद्राच्या काही खोल भागांत तळाचे प्राणी विलक्षण कमी आढळले. किनाऱ्याच्या बाबतीत पहिला ठळक इशारा मुंबईहून आला: 1959 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेवास्तू या चौघांनी असे मांडले की किमान प्राणवायूचा हा थर मुंबईसमोर उतार चढून किनाऱ्याकडे सरकतो आणि त्याचा परिणाम समुद्रजीवनावर, विशेषतः मासेमारीवर होतो. कार्ल बान्से यांनी 1968 मध्ये भारत-पाकिस्तानच्या उथळ पट्ट्यासाठी तळाच्या माशांच्या हालचालींसह हे चित्र अधिक तपशिलाने रेखाटले.

यामागील क्रम असा आहे. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा पृष्ठप्रवाह दक्षिणेकडे वाहतो, त्याच्याखालून प्राणवायूविरहित पाणी वर उसळून उथळ पट्ट्यावर चढते, आणि सह्याद्रीवरून धो-धो वाहून आलेले नद्यांचे व पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने त्यावर झाकणासारखे पसरून वरची हवा खाली जाऊ देत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तळाचा प्राणवायू संपत जातो. 1 जानेवारी 1966 रोजी स्थापन झालेल्या, गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी 1999 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात मोजणी केली, तेव्हा तळाच्या पाण्यात प्राणवायू तर नव्हताच, पण हायड्रोजन सल्फाइड होता. म्हणजे जिवाणूंनी प्राणवायू संपवून, नायट्रेट संपवून, सल्फेटकडे मोर्चा वळवला होता. हा निष्कर्ष 2000 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि खतांतून वाहून येणाऱ्या नायट्रोजनामुळे ही स्थिती तीव्र होत असावी, अशी शक्यता त्यात मांडली होती. मालवणच्या दक्षिणेस साठ-सत्तर किलोमीटरवर कांदोळीसमोर, सुमारे अठ्ठावीस मीटर खोलीच्या एका ठिकाणी, याच संस्थेने 1997 पासून ऋतुगणिक मोजणी चालवली आहे, आणि त्या नोंदींमुळे पश्चिम किनाऱ्याचा हा पट्टा जगातील सर्वांत विस्तीर्ण नैसर्गिक ऋतुमानी अल्पप्राणवायू क्षेत्रांपैकी एक आहे हे प्रस्थापित झाले. नोव्हेंबरनंतर प्रवाह उलटतात आणि प्राणवायू परत येतो. समुद्रशास्त्राच्या नोंदवहीत हा परतीचा काळ सुधारणेचा म्हणून लिहिला जातो. तळाच्या प्राण्याच्या पेशीसाठी तो परीक्षेचा काळ असतो.

खाडीत हेच नाटक बारा तासांच्या अंकात होते. ओहोटी लागली की तिसऱ्या, कालवे आणि शिनाणे शिंपले मिटून घेतात, आतला प्राणवायू संपत जातो, आणि भरतीच्या पहिल्या पाण्याबरोबर तो परततो. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील छोट्या शिनाण्यांवर हवेत उघडे पडण्याच्या काळात अँटिऑक्सिडंट संरक्षणाचा प्रतिसाद तपासला गेला आहे. खारफुटीच्या चिखलात बीळ करून राहणारी कुर्ली, म्हणजे मोठ्या नांग्यांचा खेकडा सिल्ला सेराटा, हिच्यावरील भारतीय काम उत्कल विद्यापीठातील बिस्वरंजन पैताल आणि गगनबिहारी चैनी यांचे. त्यांनी 2010 मध्ये खारटपणा बदलला की या खेकड्याच्या ऊतींतील विकरे व ऑक्सिडीकरणाच्या खुणा कशा बदलतात हे मांडले, 2012 मध्ये त्याच्या कल्ल्यांच्या तंतुकणिका तपासल्या आणि 2013 मध्ये ऋतूंनुसार होणारे फरक नोंदवले. खेकड्यांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहणारे प्रथिन लोहाचे नसून तांब्याचे आहे, आणि मारिउस ब्राउवर यांच्या गटाने 2003 मध्ये असे दाखवले की असे रक्त असणाऱ्या कवचधारी प्राण्यांत पेशीद्रवातील तांबे-जस्ताचे सुपरऑक्साइड डिसम्युटेज नसतेच, त्याजागी मँगनीजचे विकर असते. तांब्याची ने-आण रक्तासाठी राखून ठेवायची असेल तर संरक्षणाचे विकर दुसऱ्या धातूवर चालवणे सोयीचे, असा त्याचा अर्थ लावता येतो. गाईच्या रक्तात 1969 साली सापडलेले सूत्र जसेच्या तसे कुर्लीला लावले तर गणित चुकते ते यामुळे.

तलावात आणि ओहोळांत प्रश्न निराळा आहे. तीस अंशांच्या आसपास तापलेल्या गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तेवढ्याच हवेत तो तीस पटींहून अधिक असतो. लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की बहुतेक मासे तग धरू शकत नाहीत. उन्हाळ्यात वरचे तापलेले आणि खालचे थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही, तळाचा गाळ प्राणवायू खातो, आणि पहाटेच्या सुमारास, रात्रभर वनस्पती श्वसन करत राहिल्याने, वरच्या पाण्यातही त्याची पातळी सर्वांत खाली असते. मरळ आणि शिंगी यांसारख्या माशांनी यावर हवा गिळण्याचा मार्ग काढला आहे. हवेत प्राणवायू मुबलक असल्याने त्यांचा प्रश्न सुटला असे वाटते, पण पैताल यांनी 2013 आणि 2014 मध्ये पाण्याबाहेर ठेवलेल्या शिंगी माशाच्या मेंदूवर आणि स्नायूंवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ऑक्सिडीकरणाच्या खुणा वाढलेल्या आणि तंतुकणिकांची इलेक्ट्रॉन-साखळी बिघडलेली आढळली. पहिल्या पावसात ओहोळांतून उलट वर जाणारे चढणीचे मासे ज्या काही दिवसांत कोकणात पकडले जातात, त्याच दिवसांत आटलेल्या, तापलेल्या पाण्यातून खळाळत्या, हवेने भरलेल्या पाण्यात त्यांचे स्थलांतर घडते, ही बाब येथे नोंदवण्याजोगी आहे.

या दोन इतिहासांची गाठ पडण्यासाठी मोजणीची वेळ बदलावी लागेल. समुद्रात किंवा खाडीत मासे मेले की नमुने घेतले जातात, आणि पाणी सुधारले की थांबवले जातात. पूर्वतयारी मात्र या दोहोंच्या आधी, प्राणवायू अजून घटतच असताना होते, आणि तिची किंमत परतीच्या पहिल्या काही तासांत चुकती होते. सिंधुदुर्गातील महाविद्यालयांना आणि गोव्यातील प्रयोगशाळांना यासाठी नवे जहाज लागत नाही. कर्ली खाडीतील कुर्ली व तिसऱ्या, धामापूरच्या परिसरातील भातखाचरांतली गोगलगाय आणि तलावातील मासे यांच्या ऊतींतील सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन यांचे मापन विद्यापीठाच्या साध्या वर्णपटमापीवर करता येते. नमुने मात्र मे, ऑगस्टअखेर, ऑक्टोबर आणि डिसेंबर अशा चारही टप्प्यांना, पाण्यातील प्राणवायूच्या नोंदीसह, आणि सलग काही वर्षे घेतले पाहिजेत. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी हे काम हाती घ्यावे.